नागपूर–पुणे विमान दीड तासाचं, पण गावातल्या दारातून पुण्यातल्या दारापर्यंत खरा वेळ किती?

आर्णीकर
नमस्कार मंडळी. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन पुण्यात करायचं ठरलंय. धाकटा भाऊ कोथरूडला असतो, त्यामुळे नंतरची देखभाल आणि व्यायाम तिथेच होतील. आईचं वय ७६. बीपीची गोळी चालू आहे, हृदयाचा त्रास नाही. चार पावलं चालली की बसावं लागतं.

प्रश्न न्यायचं कसं हा आहे. आमचं गाव आर्णीपासून आत, फाट्यावरून कच्चा-पक्का रस्ता. भाऊ म्हणतो, "दादा, विमानानं आण, दीड तासात पुण्यात." नेटवर पाहिलं तर एका ठिकाणी नागपूर–पुणे अंतर ६०५ किमी, दुसरीकडे सातशेच्या वर, रेल्वेचं ८८१. विमानाचा वेळ कुठे ५० मिनिटं लिहिलाय, कुठे १ तास २५ मिनिटं. यातलं काय खरं धरायचं? आणि आमच्या अंगणातून भावाच्या घरापर्यंत मोजलं तर विमान खरंच बरं पडतं का? म्हाताऱ्या माणसांना असं नेलेल्यांनी सविस्तर लिहावं. तिला त्रास कमी व्हावा हे पहिलं. पैशाचं दुसरं, पण तेही आहेच, कापूस अजून घरातच पडलाय.

संत्रानगरी
तिन्ही अंतरं बरोबर आहेत, फक्त मोजायची वाट वेगळी आहे.

६०५ म्हणजे नागपूरचं आणि पुण्याचं विमानतळ सरळ रेषेनं जोडलं तर येणारं अंतर. रस्ता वळणावळणानं जातो म्हणून सातशेच्या वर जातो. रेल्वे तर आधी पश्चिमेला वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ, जळगाव करत मनमाडपर्यंत जाते आणि तिथून खाली अहिल्यानगर, दौंड करून पुण्याला येते. म्हणून ८८१. मुंबईचंही तसंच आहे. सरळ रेषेत ६८० च्या आसपास, नागपूर–सीएसएमटी रेल्वे ८३७, आणि समृद्धी महामार्ग ७०१, तोही भिवंडीजवळ आमनेला संपतो, पुढची मुंबई वेगळी.

५० मिनिटं हा नुसता भागाकार आहे. काही वेबसाइट सरळ अंतराला एका ठरावीक वेगानं भागून आकडा टाकतात. त्या आकड्यावर कुठलंही विमान उडत नाही. तिकिटावर छापलेला वेळ धरा.

पऱ्हाटी
अंतर तं तिन्ही खरेच हायेत भाऊ. पन आमच्या इकडलं चौथं अंतर कोनी सांगत नाई. गाव ते फाटा तीन किलोमीटर, अन् मधात नाला. पूर आला का मंग वेळ किती? पानी उतरेपर्यंत! इमानाले टायम माईत असते, नाल्याले नसते.

आर्णीकर
पऱ्हाटी, अगदी खरं. म्हणूनच पावसाळा संपू दिला. आता रस्ता मोकळा आहे.

निवृत्त_टॉवर
विमानतळावर नोकरी झाली आहे, म्हणून वेळेबद्दल जरा सविस्तर लिहितो. हा प्रश्न नातेवाईकही नेहमी विचारतात.

तिकिटावरचा वेळ म्हणजे विमान नागपुरात उभ्या जागेवरून हललं तिथपासून पुण्यात उभ्या जागेवर थांबलं तिथपर्यंतचा. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, आपला नंबर येईपर्यंत थांबणं, उतरल्यावर परत जागेपर्यंत येणं हे सगळं धरलेलं असतं. प्रत्यक्ष हवेतला वेळ त्याहून कमी.

आता हवेतलं बघा. जेट विमानाला तीस-पस्तीस हजार फुटांवर चढायला वीसेक मिनिटं लागतात आणि तेवढ्यात ते दोनेकशे किलोमीटर पुढे गेलेलं असतं. उतरायची सुरुवातही पुण्याच्या जवळपास दोनशे किलोमीटर आधीच होते. म्हणजे ६०५ पैकी चारशे चढण्या-उतरण्यात गेले. पूर्ण वेगानं, ताशी आठशेच्या वर, उडायला मिळतात जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. शिवाय दहा हजार फुटांच्या खाली वेगाला मर्यादा असते, साधारण ताशी ४६० किलोमीटर. म्हणून अंतर कमी असलं तरी वेळ त्या प्रमाणात कमी होत नाही. नागपूर–दिल्ली सरळ रेषेत साडेआठशेच्या आसपास आहे, पुण्यापेक्षा अडीचशे किलोमीटर जास्त. वेळेत मात्र वीसेक मिनिटांचाच फरक दिसेल.

वाऱ्याचाही हिशेब असतो. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो, म्हणून पुण्याहून नागपूरला येताना काही मिनिटं वाचतात आणि जाताना तेवढीच जास्त लागतात. पुण्याचं लोहगाव हा मुळात वायुदलाचा तळ आहे. लढाऊ विमानांची ये-जा असली की प्रवासी विमानाला वर थोडं थांबावं लागतं. मुंबईत गर्दीमुळे थांबावं लागतं, कारण तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि एका वेळी एकीवरच काम चालतं. कंपन्या हे सगळं जमेस धरूनच वेळ छापतात. त्यामुळे कधी विमान वेळेच्या आधी पोहोचलं तर नवल वाटून घेऊ नका.

सुलभा_दारव्हा
मी सासऱ्यांना याच मार्गानं नेलंय, तेव्हा अनुभवाचं लिहिते.

विमानातला दीड तास हा सगळ्यात सोपा भाग. त्याच्या आधीचं आणि नंतरचं जपा. आर्णीकर, तुमचं एक नशीब चांगलं आहे, आर्णी नागपूर–तुळजापूर महामार्गावर आहे. यवतमाळ, वर्धा, बुटीबोरी असा एकच चौपदरी रस्ता, आणि विमानतळ वर्धा रोडवरच असल्यानं नागपूर शहरात शिरावंच लागत नाही. तरी गावापासून धरून, आईंना मध्ये उतरवून, पाय मोकळे करून चार-साडेचार तास धरा.

नागपूर विमानतळावर गाडीतून उतरल्यापासून पुण्यात गाडीत बसेपर्यंत चार तास. दोन तास आधी पोहोचायचंच. सामान देण्याचा काउंटर सुटण्याच्या एक तास आधी बंद होतो आणि विमानात चढायचं गेट २५ मिनिटं आधी. वयस्कर माणूस सोबत असेल तर शेवटच्या मिनिटाची धावपळ नको.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा. ज्यांना चालता येत नाही त्यांना त्याचे पैसे लागत नाहीत. दारापासून विमानापर्यंत माणूस ढकलत नेतो, तपासणीच्या रांगेतही वेगळं घेतात. एक गोष्ट मात्र आधीच सांगा, "आईंना पायऱ्या चढता येत नाहीत." कधी कधी विमान इमारतीला जोडणाऱ्या पुलाला (एअरोब्रिजला) न लागता दूर उभं राहतं, बसनं नेतात आणि शिडी चढावी लागते. आधी सांगितलं असेल तर उचलून नेणारी गाडी, अँब्युलिफ्ट, लावतात. आम्ही सांगितलं होतं म्हणून सासऱ्यांना एकही पायरी चढावी लागली नाही.

पुढे लोहगाव ते कोथरूड, संध्याकाळी पोहोचलात तर सव्वा तास सहज. एकूण साडेनऊ-दहा तास. दीड तास नव्हे, पण दहा तासही एका जागी अवघडून नाहीत, तुकड्या-तुकड्यांत आहेत. गुडघ्याच्या माणसाला हाच मोठा फरक पडतो.

पुसद_ते_कोथरूड
मी थोडं वेगळं सांगतो. एवढा खटाटोप कशाला? संध्याकाळी स्लीपर ट्रॅव्हल्समध्ये बसवा, सकाळी पुणे. एकदा चढायचं, एकदा उतरायचं, रात्रभर आडवं पडायचं. आमच्या भागातली अर्धी पोरं पुण्यात आहेत आणि सगळ्यांचे आईबाप असेच येतात-जातात. विमानाच्या एका तिकिटात ट्रॅव्हल्सची कितीतरी तिकिटं येतात, वर नागपूरपर्यंतच्या गाडीचं भाडं वेगळं.

सुलभा_दारव्हा
पुसद_ते_कोथरूड, तरण्या माणसाला ट्रॅव्हल्स उत्तम, मीही जाते. पण ७६ वर्षांच्या बाईला नाही. त्या अरुंद शिडीनं वरच्या बर्थवर चढणं सोडाच, खालच्या बर्थमध्येसुद्धा गुडघे मुडपून सरकावं लागतं. आणि खरी अडचण कोणी बोलत नाही ती लघवीची. बीपीच्या काही गोळ्यांनी वारंवार जावं लागतं. गाडी थांबते ती ढाब्यावर, रात्री एकदा किंवा दोनदा, आणि तिथल्या संडासात गुडघे वाकवून बसता येत नाही. मग आपल्या आया काय करतात? दुपारपासून पाणीच पीत नाहीत. माझी आई हेच करायची. ऑपरेशनला जाणाऱ्या माणसाचं शरीर असं सुकवत न्यायचं का?

पुसद_ते_कोथरूड
ताई, हा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता. पटलं. आई दर वेळी "मला तहान नाही" म्हणते, त्याचं कारण आज कळलं.

मोर्शीची_लेक
सुलभाताई, हे लिहिल्याबद्दल खूप आभार. हे बोललंच जात नाही.

वर्धा_जंक्शन
संडास हाच मुद्दा असेल तर रेल्वेचं नाव घ्यायलाच हवं. डब्यात कमोड असतो, हवं तेव्हा जाता येतं.

१० ऑगस्ट २०२५ ला अजनी–पुणे वंदे भारत सुरू झाली. ८८१ किमी, साधारण बारा तास. वर्धा, बडनेरा, अकोला, शेगाव इथे थांबते. गाडी सुंदर आहे, पण आर्णीकर, तुमच्या आईसाठी ती घेऊ नका. सगळ्या खुर्च्याच आहेत, आडवं होता येत नाही, आणि वर्ध्याहून बसलं तरी अकरा तासांच्या आसपास पाय खाली सोडून बसणं होतं.

त्यापेक्षा बर्थवाली रात्रीची गाडी बघा. आझाद हिंद आहे, नागपूर–पुणे गरीबरथ आहे (तिच्यात फक्त एसी थ्री). एसी टूचा खालचा बर्थ मिळाला तर आई घरच्या पलंगावर झोपल्यासारखी जाईल. ४५ वर्षांवरच्या महिलांना, जागा असेल तर, लोअर बर्थ आपोआप दिला जातो, फक्त वय बरोबर टाका. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती धरू नका. दिवाळीत आणि उन्हाळी सुट्टीत वेटिंग लागतं, एरवी वेळेत काढलं तर मिळतं.

तुमच्याकडून वर्धा जवळ पडेल, किंवा यवतमाळहून धामणगाव. गाडी धामणगावला थांबते का ते आधी बघा, नाहीतर रात्रीच्या वेळी पंचाईत.

पऱ्हाटी
आमची शकुंतला रेल्वे रायली असती तं यवतमाळातूनच बसोलं असतं मायले! मूर्तिजापूरले उतरोलं असतं, मोठ्या गाडीत टाकलं असतं.

वर्धा_जंक्शन
पऱ्हाटी, ११३ किलोमीटरला दिवस गेला असता! पण तिच्यावर प्रेम करणारे आपण सगळेच. आता वर्धा–यवतमाळ–नांदेडकडे डोळे लागलेत. २८४ किमीची लाइन आहे, वर्धा ते कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. यवतमाळपर्यंत पोहोचली की या धाग्यातलं अर्धं गणितच बदलेल.

सुलभा_दारव्हा
ती लाइन दारव्ह्यावरून, दिग्रसवरून जाणार आहे. आम्ही रोज रुळांकडे बघतोय हो. दवाखान्यासाठी बाहेर जाणाऱ्या प्रत्येक घराला ती हवी आहे.

बेलोरा_फाटा
अमरावतीचं कोणी बोललं नाही? बेलोऱ्याचं विमानतळ १६ एप्रिल २०२५ ला सुरू झालं, मुंबईसाठी. आर्णीहून नागपूरपेक्षा बेलोरा जवळ आहे, यवतमाळ–नेर मार्गे. आर्णीकरांना पुण्याला जायचं आहे, त्यामुळे त्यांना उपयोग नाही, पण मुंबईच्या दवाखान्यात जाणाऱ्यांनी जरूर विचार करावा.

एक गंमत सांगतो. अमरावती–मुंबई सरळ अंतर ५४० किमीच्या आसपास, नागपूर–मुंबईपेक्षा जवळपास १४० किलोमीटर कमी. आणि वेळ मात्र पावणेदोन तास, नागपूरहून लागतो त्याहून जास्त! कारण इथलं विमान पंख्याचं आहे, एटीआर ७२. ताशी पाचशेच्या आसपास जातं. बेलोऱ्याची धावपट्टी १८५० मीटर, नागपूरची ३२०० मीटर. मोठ्या जेटला लांब पट्टी लागते, एटीआरला एवढी पुरते.

तरी दारापासून धरलं तर अमरावती, दर्यापूर, नेर, चांदूर या सगळ्यांचे दोन-अडीच तास वाचतात. विमानतळ छोटं, चालणं कमी, रांग कमी. पण विमान रोज नसतं. सुरुवात आठवड्यातून तीन दिवसांनी झाली होती, वार बघूनच दवाखान्याची तारीख घ्या.

अकोल्याचा_भाचा
आमच्या अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी १४०० मीटरवर अडकली आहे. वाढवायची चर्चा मी लहानपणापासून ऐकतोय. अमरावतीला झालं याचा आनंद आहे, अकोल्यालाही व्हायला हवं. बुलढाणा, वाशीम, अकोला, तीन जिल्ह्यांचं माणूस आज एकतर नागपूरला उलटं दोन-तीनशे किलोमीटर पूर्वेला जातं, नाहीतर छत्रपती संभाजीनगरला. मुंबई पश्चिमेला आणि आम्ही आधी पूर्वेला जायचं!

वैनगंगा
भंडारा-गोंदियावाल्यांनो, गोंदियाचं बिरसी विमानतळ विसरू नका. १ डिसेंबर २०२३ ला तिथून हैदराबाद आणि तिरुपतीचं विमान सुरू झालं होतं. पण छोट्या विमानतळांचं वेळापत्रक फार बदलतं. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर आजची स्थिती बघूनच ठरवा, दुसऱ्या साइटवर जुनी माहिती पडलेली असते.

गोदाकाठ_सिरोंचा
आमच्याबद्दल कोण लिहितं म्हणून मीच लिहितो. सिरोंच्याहून नागपूरपेक्षा हैदराबाद जवळ आहे. गोदावरीवर पूल झाल्यापासून पेशंट असला की लोक सरळ तेलंगणात जातात, वरंगल नाहीतर हैदराबाद. रेल्वे पकडायची तर मंचिर्याल. जिल्ह्याचं ठिकाण असलेल्या गडचिरोलीला जायलाच दोनशेच्या वर किलोमीटर आणि मधला आलापल्लीकडचा रस्ता. तुम्ही नागपूरपर्यंत चार तास म्हणता, आमच्याकडे चार तासांत माणूस जेमतेम चंद्रपूरच्या दिशेला लागलेला असतो. आमच्यासाठी विमानाचा वेळ हा शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न रस्त्याचा.

संत्रानगरी
सिरोंचाभाऊ, तुमचं म्हणणं या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे.

हैदराबादचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या नागपुरातल्या झिरो माइलच्या खांबावर जुनी अंतरं कोरलेली आहेत, हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७० मैल. ३१८ मैल म्हणजे ५१२ किमी. आजही रस्त्यानं साधारण तेवढंच आहे. विमानाची सरळ रेष मात्र ४३० च्या आसपास.

अकोल्याचा_भाचा
झिरो माइल म्हणजे भारताचा मध्यबिंदू ना?

संत्रानगरी
तसं सगळे म्हणतात, पण तो खांब इंग्रजांच्या काळातल्या मोजणीशी जोडलेला आहे, अंतरं मोजायला ठेवलेला. आजच्या भारताचा मध्य मध्य प्रदेशातल्या करौंदी गावाजवळ सांगतात. नागपूर मध्याजवळ आहे एवढं मात्र खरं, आणि त्याचा उपयोग पूर्वी फार सुंदर झाला होता. निवृत्त_टॉवर साहेब, रात्रीच्या टपालाचं तुम्हीच सांगा.

निवृत्त_टॉवर
आनंदानं. १९४९ च्या जानेवारीत देशात रात्रीची विमान टपाल सेवा सुरू झाली आणि तिचं केंद्र होतं आपलं सोनेगाव, म्हणजे नागपूरचं विमानतळ. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, चारही शहरांतून रात्री डाकोटा विमानं निघायची. मध्यरात्रीच्या सुमारास चारही नागपुरात उतरायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची, प्रवासीही एका विमानातून दुसऱ्यात बसायचे, आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपल्या शहरी परत. मद्रासचं पत्र दुसऱ्या सकाळी दिल्लीत! चारही शहरांच्या मधोमध पडतं म्हणून नागपूर निवडलं होतं. ही व्यवस्था १९७० च्या दशकापर्यंत चालली. ज्येष्ठ सहकाऱ्यांकडून त्या रात्रींच्या गोष्टी ऐकल्या आहेत. रात्री बारा वाजता जागं असणारं विमानतळ, थंडीत चहाच्या किटल्या आणि थैल्या उचलणारी माणसं. त्याबद्दल कोणी नीट लिहून ठेवायला हवं असं फार वाटतं.

मोर्शीची_लेक
हे अजिबात माहीत नव्हतं. वेगळा धागा काढा ना, सर. मनापासून विनंती.

आर्णीकर
सगळ्यांचे आभार. वाचून घरात चर्चा केली, हिशेब मांडला तो इथे टाकतो.

विमान: गाव ते सोनेगाव साडेचार तास, विमानतळावर दोन, विमान दीड, सामान वगैरे अर्धा, कोथरूडपर्यंत सव्वा. पावणेदहा तास.
रेल्वे: गाव ते वर्धा अडीच-तीन, स्टेशनवर एक, गाडी तेरा-चौदा तासांची धरली, पुणे स्टेशन ते घर पाऊण. अठरा तास, पण बहुतेक आडवं पडून.
ट्रॅव्हल्स: चौदा तास, सुलभाताईंनी लिहिल्यावर यादीतून काढली.

आई म्हणते रेल्वेनं जाऊ, तिला विमानाची भीती वाटते. भाऊ म्हणतो विमान. मी मधात आहे.

व्यायामवाली
आर्णीकर, मी फिजिओथेरपिस्ट आहे. धागा वाचत होते, एक गोष्ट राहून गेली म्हणून लिहिते. सगळे जाण्याचं बोलताहेत. जास्त विचार परतीचा करा.

जाताना आईंचे गुडघे दुखरे आहेत, पण ओळखीचे आहेत. येताना नवीन सांधे असतील. गुडघा बदलल्यानंतर काही आठवडे पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो, आणि पाय खाली सोडून न हलता बसल्यानं तो आणखी वाढतो, मग ते विमान असो, कार असो की खुर्चीची ट्रेन. त्यामुळे परतीची तारीख सर्जनना विचारल्याशिवाय काढू नका. ते सांगतील ते मोजे, गोळ्या, किती वेळानं चालवायचं, सगळं लिहून घ्या. प्रवासात घोटे वर-खाली हलवत राहायचे, पाणी भरपूर प्यायचं. दोन्ही गुडघे एकाच वेळी करणार की अंतर ठेवून, हेही विचारा. अंतर ठेवून असेल तर मुक्काम लांबतो, आणि दोन वेळा ये-जा करण्यापेक्षा तिथेच राहणं बरं.

धातूच्या सांध्यामुळे विमानतळावर यंत्र वाजतं. घाबरू नका, डिस्चार्ज कार्ड हाताशी ठेवा.

भीतीबद्दल एवढं सांगा की विमानात फक्त कानांना दडे बसतात, चॉकलेट चघळलं की मोकळे होतात. आतला हवेचा दाब सहा-आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तसा असतो. हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा त्रास असता तर डॉक्टरांचं पत्र घ्यायला सांगितलं असतं. आईंना तो नाही, तरी बीपी आधी तपासून घ्या.

सुलभा_दारव्हा
किती नेमकं लिहिलंत. आम्हीही सासऱ्यांना आणताना घाई केली नाही, सर्जननी हो म्हटल्यावरच निघालो.

पऱ्हाटी
आर्णीकरभाऊ, मायसंगं सामान काय देनार? तिखट, लोनचं अन् सांडोल्या तं जातीनच पुन्याले.

पुसद_ते_कोथरूड
तिखट आणि लोणचं हातातल्या पिशवीत ठेवू नका, तपासणीत काढून घेतात. भिवापुरी मिरचीचं तिखट आमच्या आईनं कुटून दिलेलं, ते तिथेच ठेवावं लागलं तेव्हा जीव हळहळला. जमा करायच्या बॅगेत घट्ट बांधून टाका. ती १५ किलो, हातातली ७ किलो.

आर्णीकर
ठरलं. जाताना विमान, येताना रेल्वे. व्यायामवाली ताईंचं घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. आई म्हणाली, "जाताना गेली तशी, येताना मात्र झोपून यीन." परतीला एसी टूचा खालचा बर्थ, तारीख सर्जन सांगतील तेव्हा. वर्ध्याला भाचा गाडी घेऊन येईल. आता विमान सकाळचं घ्यावं की दुपारचं?

निवृत्त_टॉवर
दुपारचं. सकाळचं घेतलं तर मध्यरात्री गावातून निघावं लागेल आणि आईची झोप मोडेल. शिवाय डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुकं पडतं. सकाळी तिकडून येणारं विमान उशिरा आलं की त्याच विमानाची पुढची फेरीही उशिरा निघते.

पऱ्हाटी
अन् जेवून निंघा. शिदोरी संगं ठेवा, विमानतळावर चाय बम महाग रायते.

सुलभा_दारव्हा
आजच एक काम करा. आईंच्या आधार कार्डावरचं नाव बघा आणि तिकिटावर अगदी तसंच टाका. आपल्याकडे म्हाताऱ्या बायकांचं आधारवर नाव एक, रेशन कार्डावर दुसरं, माहेरचं तिसरं. नावात फरक दिसला तर दारावरच अडवतात. आणि निघायच्या दोन दिवस आधी फोन करून व्हीलचेअरची नोंद लागली आहे का ते विचारा, अँब्युलिफ्टचं वेगळं विचारा. पोहोचल्यावर इथे कळवा.